कास्पियन : वाटणी झाली, पाण्याचे काय?

कोणत्याही महासागराला न मिळणारा, तरीही समुद्र म्हणवणारा कास्पियन हा जगातील सर्वांत मोठा भूवेष्टित जलाशय. त्याचा विस्तार सुमारे ३ लाख ७१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास जपानएवढा; दक्षिणेकडील कमाल खोली हजार मीटरहून अधिक. परंतु त्याची थोरवी केवळ आकारात नाही.

सतराव्या शतकात व्होल्गाच्या मुखाजवळील आस्त्राखान नगरीत हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची वसाहत होती. बाकूजवळच्या सुराखानी येथील 'आतेशगाह' या अग्निमंदिरात त्या काळच्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांचे आणि यात्रेकरूंचे देवनागरी व गुरुमुखी शिलालेख आजही आहेत. काही लेखांचा आरंभ श्रीगणेशाच्या वंदनाने होतो. भूगर्भवायूच्या ज्या ज्वालांपुढे हे भाविक हात जोडत, त्याच भूमीतील तेलाने पुढे बाकूचे भाग्य पालटले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जगातील जवळपास निम्मे तेल तेथून निघत होते. १९४२ मध्ये हिटलरच्या फौजा कॉकेशसकडे वळल्या, त्या याच तेलाच्या हव्यासाने.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि दोन देशांच्या या समुद्राला पाच धनी झाले. हा समुद्र की सरोवर, यावर दीर्घकाळ खल चालला. कारण व्याख्येवरच वाटा ठरणार होता. अखेर १२ ऑगस्ट २०१८ रोजी अक्ताऊ येथे पाचही देशांनी करारावर सह्या केल्या. तळाच्या सीमा मात्र शेजाऱ्यांच्या आपसांतील वाटाघाटींवर सोपवण्यात आल्या.

तळासाठी एवढा आटापिटा. पण वरच्या पाण्याचे काय? १९९० च्या दशकाच्या मध्यापासून कास्पियनची पातळी सुमारे दोन मीटरने घटली आहे. वाढत्या तापमानाने बाष्पीभवन वाढले आहे, आणि नद्यांतून येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पुरवणारी व्होल्गा धरणांनी जखडलेली आहे. उत्तरेकडे समुद्र अतिशय उथळ असल्याने तेथे किनारा झपाट्याने मागे सरकतो, बंदरे गाळात रुततात, माशांची प्रजननस्थाने उघडी पडतात. पर्यावरणरक्षणाचा तेहरान करार २००३ मध्ये झाला, २००६ मध्ये अमलात आला. कागदावरचा हा संकल्प पाण्यात उतरलेला दिसत नाही.

भारताने याकडे त्रयस्थपणे पाहून चालणार नाही. २००० मध्ये रशिया व इराणसह भारताने ज्या उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गिकेचा करार केला, तिची एक प्रमुख वाट याच समुद्रावरून आस्त्राखानला जाते. आपल्या पूर्वजांनी जिथे व्यापाराबरोबर श्रद्धेचीही नाममुद्रा उमटवली, तिथे केवळ मालाच्या टनांची भाषा आपल्याला शोभणारी नाही. मार्गिकेच्या प्रत्येक चर्चेत भारताने पाण्याचाही प्रश्न मांडला पाहिजे. समुद्रच ओसरला, तर जहाजे कशावर चालणार?