चर्चच्या अंगणातली तपासणी

एप्रिल २०२०. फिलाडेल्फियात करोनाची चाचणी करून घ्यायची तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आधी वेळ ठरवायला हवी आणि अनेक केंद्रांवर स्वतःच्या गाडीतूनच जायला हवे. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याने अंगात ताप घेऊन करायचे काय? बालशल्यचिकित्सक डॉ. अला स्टॅनफर्ड यांनी भाड्याची व्हॅन घेतली, मास्क, गाऊन आणि स्वॅब भरले आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या चर्चच्या पार्किंगमध्ये तपासणी सुरू केली. चिठ्ठी नको, विमा नको, चालत आलात तरी चालेल. लोकांनी रांगा लावल्या.

त्याच सुमारास शिकागोचे आकडे बाहेर आले होते. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे ३० टक्के, करोनाच्या मृतांत मात्र सुमारे ७० टक्के. विषाणू कातडीचा रंग पाहून शिरत नाही. पण घरून करता न येणारी कामे, दाटीवाटीची घरे, वर्षानुवर्षे धड उपचार न मिळालेला मधुमेह आणि रक्तदाब हे सगळे रंगानुसारच वाटले गेले होते. उपकरणेसुद्धा याला अपवाद नाहीत. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत घरोघरी आलेला, बोटाला चिमट्यासारखा लावायचा ऑक्सिमीटर आठवा. रक्तातला प्राणवायू धोक्याइतका कमी असतानाही तो आकडा ठीकठाक दाखवतो, असे कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडते, हे डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्रसिद्ध केले.

पण तपासणीची जागा चर्चचीच का? याचे उत्तर फिलाडेल्फियाच्याच एका जुन्या साथीत आहे. १७९३ मध्ये तिथे पीतज्वर पसरला आणि काही महिन्यांत पाच हजारांच्या आसपास माणसे गेली. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून पळाले. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, असा तेव्हाचे नामवंत डॉक्टर बेंजामिन रश यांचा समज होता. त्यांनी त्या समाजाला मदतीचे आवाहन केले. रिचर्ड अ‍ॅलन आणि अबसालोम जोन्स या धर्मसेवकांनी माणसे जमवली. त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, घराघरांतून प्रेते उचलली, पुरली. समज खोटा होता. सेवा करणारेही आजारी पडले, मेले. अ‍ॅलन स्वतः मरता मरता वाचले. साथ सरता सरता मॅथ्यू कॅरी या प्रकाशकाने लिहिले, की काही कृष्णवर्णीय शुश्रूषकांनी अवाच्या सवा पैसे उकळले, चोऱ्या केल्या. अ‍ॅलन आणि जोन्स यांनी १७९४ मध्ये हिशेबासह पुस्तिका छापून प्रत्युत्तर दिले. त्याच वर्षी अ‍ॅलन यांनी मदर बेथेल चर्च उभे केले, आपल्या लोकांच्या मालकीच्या जमिनीवर.

ही मालकी फार मोलाची ठरली, कारण आपल्या चर्चवर लोकांचा विश्वास होता. सरकारी दवाखान्याचा अनुभव वेगळा होता. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांना निरीक्षणाखाली ठेवले. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश होता. त्यावरचे पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही त्यांना ते दिले नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. ही आठवण असलेल्या घरांतला माणूस लशीच्या सुईकडे शंकेने पाहतो, तेव्हा त्याला अडाणी म्हणणे हा आमच्या मते त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे. त्याला नुसती माहितीपत्रके पुरत नाहीत. आईच्या अंत्यविधीला उभे राहिलेले पाद्रीच शेजारी बाही वर करून बसले, तर तो ऐकतो.

श्रद्धेनेही चुका केल्या. व्हर्जिनियातल्या एका कृष्णवर्णीय बिशपांनी मार्च २०२० मध्ये इशारे बाजूला सारून प्रार्थनासभा घेतली आणि एप्रिलमध्ये करोनाने त्यांचा बळी घेतला. बहुतेक चर्चनी मात्र दारे बंद केली आणि अंगणे उघडी ठेवली. स्टॅनफर्ड यांच्या पथकाने पुढे लसीकरणही केले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्तर फिलाडेल्फियात रोजच्या दुखण्याखुपण्यासाठी कायमचा दवाखाना उघडला. तोही एका चर्चच्या इमारतीत.