समुद्रातले १२ मैल म्हणजे किती किलोमीटर? मच्छीमारांच्या वादात हा आकडा का महत्त्वाचा?

रस्त्यांवर मैलांऐवजी किलोमीटर येऊन अनेक दशकं उलटली. पण एलईडी दिव्यांची मासेमारी, पर्ससीन जाळी अशा कोकण किनाऱ्यावरच्या बातम्यांत ‘१२ मैलांची हद्द’ हमखास येते. हा मैल रस्त्यावरचा नव्हे.

दोन मैलांत फरक काय?

जमिनीवरचा मैल सुमारे १,६०९ मीटरचा, तर सागरी मैल १,८५२ मीटरचा. त्यामुळे १२ सागरी मैल म्हणजे सुमारे २२.२ किलोमीटर. नेहमीच्या मैलाने हिशेब केला तर १९.३ किलोमीटरच भरतात. म्हणजे जवळपास तीन किलोमीटर समुद्र हिशेबातून गायब!

समुद्रात किलोमीटर का नाही?

सागरी मैल पृथ्वीच्या गोलाईवरून आला आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले, की एक भाग साधारण एक सागरी मैल भरतो. त्यामुळे नकाशावरच्या अक्षांशांवरूनच अंतर मोजता येतं. जहाजाचा वेगही याच मापात सांगतात: एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल.

१२ मैलांवर काय बदलतं?

ही हद्द साधारणपणे ओहोटीच्या रेषेपासून मोजतात. राज्यघटनेनुसार आतली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, तर बाहेरची केंद्राच्या. भारताचं अनन्य आर्थिक क्षेत्र पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत जातं.

रेषा ओलांडली की नियमही बदलू शकतात. तमिळनाडूने आपल्या हद्दीत पर्ससीनवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन १२ मैलांपलीकडे आठवड्यातून दोन दिवस अटींसह परवानगी दिली.

मग एलईडी बोटींना बाहेर मोकळीक आहे का?

नाही. केंद्राने २०१७ मध्येच अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी मासेमारीवर बंदी घातली. महाराष्ट्राच्या हद्दीतही ती बेकायदा आहे. रेषेमुळे बदलतं ते एवढंच, की कारवाईची जबाबदारी कोणाची.

खरी अडचण इथेच आहे. समुद्रात मैलाचे दगड नसतात. दहा नॉट वेगाची बोट किनाऱ्यापासून सव्वा तासात हद्दीबाहेर जाते. मासळी तर कुठलीच हद्द पाळत नाही. बाहेर बेकायदा दिवे लावून ओढून घेतलेली मासळी आतल्या छोट्या होडीच्या जाळ्यात येत नाही. त्यामुळे राज्य आणि केंद्राने एकमेकांकडे बोट दाखवलं, तर नुकसान पारंपरिक मच्छीमाराचंच होतं.