चार आण्याची कोंबडी आणि एल-वन

'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण ज्याने पहिल्यांदा वापरली, तो माणूस नक्की कुठल्यातरी टेंडर कमिटीवर असणार, अशी माझी दाट शंका आहे.

सोसायटीच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचंच घ्या ना. तीन कोटेशनं मागवायची, मीटिंगमध्ये वाचून दाखवायची आणि सगळ्यात कमी आकडेवाल्याला काम द्यायचं. बाकीच्या दोघांनी काही वेगळं सुचवलं होतं का, त्यांनी आधी केलेल्या गच्च्या चौथ्या पावसाळ्यात कोरड्या राहिल्या का, असले प्रश्न कोणी विचारत नाही. मग काम सुरू झालं की कॉन्ट्रॅक्टर डोकं खाजवत येतो. "साहेब, खालचा कोबाच खराब निघाला, त्याचे वेगळे." मग पाइपांचे वेगळे, कठड्याचे वेगळे. आणि जुलैत वरच्या मजल्यावरच्या काकू बादली घेऊन सेक्रेटरींच्या दारात! हेच लाखांऐवजी कोटींत केलं की त्याला सरकारी भाषेत 'एल-वन' म्हणतात, म्हणजे सगळ्यात कमी दराची निविदा.

आता एल-वनला शिव्या घालणं सोपं आहे आणि आपण सगळे ते चहाच्या टपरीवर मनसोक्त करतो. पण ही पद्धत इतकी चिवट का, याचा विचार फारसा कोणी करत नाही. मला विचाराल तर कारण साधं आहे. कोटेशनच्या त्या कागदावर सगळ्यांना एकाच वेळी, वाद न होता कळणारी एकच गोष्ट असते: दर. 11 लाख हे 13 लाखांपेक्षा कमी असतात, यावर काकूंचं आणि सीए असलेल्या काकांचं एकमत होतं. कुठलं केमिकल जास्त टिकतं यावर होत नाही. शिवाय "स्वस्तात का दिलंत?" असं कधी कोणी विचारत नाही. "महागात का दिलंत?" हे मात्र ऑडिटवाल्यापासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळे विचारतात.

थोडक्यात काय, दर जिंकतो तो चांगला म्हणून नाही, सोपा म्हणून. आणि गुणवत्तेला जिंकायचं असेल, तर तिला दराइतकंच सोपं व्हावं लागेल. आजच्या लेखाचा मुद्दा एवढाच आहे, पण तो नीट उलगडायला जरा लांबून यावं लागेल.

जॉर्ज अॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे 2001 मध्ये त्याला नोबेल मिळालं, त्यामागे हा निबंध मोठा होता. मुद्दा असा: गाडी चांगली की भंगार हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, त्यामुळे चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. मग बाजारात सरासरी आणखी खाली येते, भाव आणखी पडतो. निविदांचं नेमकं हेच होतं. चांगला कॉन्ट्रॅक्टर दोन-तीनदा हरतो आणि मग कोटेशन देणंच बंद करतो. उरतात ते कोण, हे सांगायला नको.

यावर ज्या माणसाने आयुष्यभर काम केलं तो म्हणजे डीन काशिवागी. अमेरिकेच्या एअर फोर्समधून आलेला हा इंजिनिअर पुढे अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाला, आणि 1990 च्या दशकात त्याने तिथे खरेदीच्या पद्धतींवर संशोधन करणारा गट उभा केला. गंमत म्हणजे त्याच्या पद्धतीच्या सुरुवातीच्या प्रयोगांत हवाई बेटांवरच्या सरकारी इमारतींच्या छतांची कामं होती. म्हणजे आपल्या गच्चीचंच मोठं भावंड! पुढे 2008 नंतर नेदरलँड्सच्या रस्ते-जलमार्ग खात्याने, राइक्सवाटरस्टाटने, वाहतूक कोंडीचे रस्ते घाईने रुंद करण्याच्या काही प्रकल्पांत ही पद्धत वापरली आणि ती तिकडे चांगलीच रुजली. तिचं नाव 'बेस्ट व्हॅल्यू'. आपण 'पैशाचं चीज' म्हणू.

पद्धत ऐकायला इतकी साधी आहे की पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसत नाही. प्रत्येक निविदाकाराने दरासोबत तीन छोटी टिपणं द्यायची, प्रत्येकी साधारण दोन पानांची. एकात आपलं कौशल्य, दुसऱ्यात या कामातले धोके आणि ते कसे टाळणार, तिसऱ्यात मागितलेल्यापेक्षा जास्त काय देऊ शकतो. त्यावर कंपनीचं नाव नाही, तांत्रिक भाषा नाही. दावा केला तर सोबत आकडा हवा. गुण देणाऱ्याने फक्त 1, 5 किंवा 10 द्यायचे. फरक डोळ्यांत भरला तर 10 किंवा 1, आणि विचार करत बसावं लागलं तर सरळ 5. मग मुलाखत, तीही गोड बोलणाऱ्या सेल्सवाल्याची नाही, तर प्रत्यक्ष काम सांभाळणार आहे त्या माणसाची. शेवटी जो पुढे आला त्या एकट्यालाच बसवायचं आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा आराखडा त्याच्याकडूनच मांडून घ्यायचा: कामात काय आहे, काय नाही, कुठले धोके त्याच्या हातात नाहीत. कोबा खराब निघण्याची शक्यता इथेच कागदावर येते. करार त्यानंतर.

यामागचं तर्कशास्त्र एका वाक्यात मावतं. काम कसं करायचं हे ज्याला माहीत आहे, त्यालाच सांगू द्या. आपण उलटं करतो. ज्याला माहीत नाही तो, म्हणजे गिऱ्हाईक, शंभर पानांचं स्पेसिफिकेशन लिहितो, आणि ज्याला माहीत आहे त्याने त्यावर फक्त 'मान्य' लिहायचं. आमच्या सॉफ्टवेअर क्षेत्रातले आरएफपी बघा. एक्सेलच्या चारशे ओळी, प्रत्येकीपुढे 'येस' की 'नो'. कुठला शहाणा 'नो' लिहिणार? पाच व्हेंडर, पाचही ठिकाणी चारशे 'येस'. आता निवडणार कशावर? दरावरच! म्हणजे इतकी मेहनत करून गिऱ्हाइकाने स्वतःच सगळ्यांना एका मापाचं करून टाकलं. वर आणखी एक घोळ होतो. गिऱ्हाईक ज्याला 'किमान अपेक्षा' म्हणतं, तीच व्हेंडरसाठी कमाल मर्यादा होऊन बसते. त्याच्यापेक्षा जास्त दिलं तर दर वाढतो, आणि दर वाढला की काम जातं.

मला काशिवागीमध्ये जास्त रस वाटला तो दुसऱ्याच कारणासाठी. हा माणूस खरेदी शिकवताना नियमावली उघडत नाही. तो तर्क शिकवतो. अॅरिझोनात हे वर्ग फक्त खरेदी अधिकाऱ्यांसाठी नव्हते, कॉलेजच्या मुलांसाठीही होते. आणि विषय कागदोपत्री 'तर्क आणि नेतृत्व'. त्याचं म्हणणं ढोबळपणे असं: कुठल्याही घटनेला सुरुवातीची परिस्थिती असते आणि काही नियम असतात. ती परिस्थिती ज्याला जास्त दिसते त्याला शेवट आधी दिसतो, म्हणून त्याला निर्णय कमी घ्यावे लागतात. ज्याला दिसत नाही तो निर्णय घेत सुटतो, आणि मग नियंत्रण ठेवायला धावतो.

हे वर्गात कसं शिकवता येईल? मी असं करीन. दोन कागद द्यायचे. पहिल्यावर: 'पंचवीस वर्षांचा अनुभव, तज्ज्ञ टीम, जागतिक दर्जा, दर 11 लाख.' दुसऱ्यावर: 'गेल्या पाच वर्षांत 42 गच्च्या केल्या. तीन पावसाळ्यांनंतर 39 कोरड्या. तीन गळल्या, तिन्हीकडे पाइपांच्या जोडापाशी, त्या फुकट दुरुस्त केल्या. तुमच्याकडेही मुख्य धोका तोच आहे. दर 13 लाख.' हे आकडे अर्थातच मी बनवलेत. आता हे दोन कागद सातवीतल्या मुलाला दाखवा. तो दहा सेकंदांत दुसरा उचलेल. एमबीएवाल्यांना बहुधा तासभर लागेल, कारण ते आधी वेटेज मॅट्रिक्स बनवतील! पुढचा प्रश्न महत्त्वाचा: पहिल्या कागदात एकही खोटं वाक्य नाही, तरी तो का हरला? कारण त्यातलं काहीच तपासता येत नाही. हे ज्याला कळलं त्याला अर्धी खरेदी कळली.

उरलेली अर्धी म्हणजे नेतृत्व. माणसं निवडणं ही पण खरेदीच की. टीम लीड दर तासाला "कुठपर्यंत आलं?" विचारत फिरतो, त्याला आपण कडक म्हणतो. पण तर्काने पाहिलं तर एक तर त्याने चुकीच्या माणसाला काम दिलंय, नाहीतर बरोबर माणसाला दिलंय आणि आता त्यालाच अडवतोय. दोन्हीत ओरडण्याचा उपयोग शून्य. बेस्ट व्हॅल्यूमध्ये काम सुरू झाल्यावर लगाम म्हणून एकच गोष्ट राहते: दर आठवड्याचा धोक्याचा तक्ता. ठरलेल्या आराखड्यापासून काय ढळलं, किती दिवस, किती पैसे, आणि कोणामुळे. बास. तो तक्ता कॉन्ट्रॅक्टर भरतो आणि सगळे वाचतात. 'कोणामुळे' या रकान्यात गिऱ्हाइकाचं नावही येतं, आणि खरी धमाल तिथे आहे! आमच्या क्षेत्रातला स्टेटस रिपोर्ट आठवा. अकरा महिने हिरवा आणि बाराव्या महिन्यात अचानक लाल. आम्ही त्याला कलिंगड म्हणतो. आठवड्याला एक ओळ खरी लिहिली तर कलिंगड पिकतच नाही.

आता सगळं गोड मानून घ्यायचं कारण नाही. तर्क शिकवायचा तर तो शिकवणाऱ्यावरही चालवला पाहिजे. ग्राहकांचं समाधान 98 टक्के असल्याचं काशिवागीचा गट आपल्या लेखांत लिहीत आला आहे. पद्धत त्यांची, मोजणीही त्यांचीच, म्हणून हा आकडा मी मीठ लावून घेतो. त्याच न्यायाने '42 पैकी 39' सुद्धा फोन करून तपासले पाहिजेत. दुसरं, आकडा हेच लक्ष्य झालं की लोक आकडाच सांभाळू लागतात, हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट 1975 मध्येच सांगून बसलाय. तिसरं, नव्या पोराकडे 42 गच्च्या कुठून येणार? त्याला छोटी कामं मिळण्याची वेगळी वाट ठेवावी लागेल, नाहीतर जुनेच कायम जिंकतील. आणि 'कोणी कोणावर प्रभाव टाकू शकत नाही' हा त्याचा लाडका सिद्धांत मला तरी पटत नाही. एका चांगल्या मास्तराने अख्खा वर्ग बदलताना आपण सगळ्यांनी पाहिलंय.

पण सगळ्यात मोठी अडचण आपली, भारतातली आहे. "गुण म्हटले की वशिला आलाच", ही आपली भीती काही हवेतली नाही. 29 ऑक्टोबर 2021 ला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने खरेदीबद्दल नव्या सूचना काढल्या. त्यांनी बांधकामांसाठीही, काही अटींवर, दर आणि गुणवत्ता मिळून निवड करायला मुभा दिली. पण गुणवत्तेचा वाटा जास्तीत जास्त 30 टक्के. काही जण याला भित्रेपणा म्हणतील. मला ते पहिलं पाऊल म्हणून ठीक वाटतं. मात्र त्या 30 टक्क्यांत आपण काय भरतो यावर सगळं आहे. त्यात 'कंपनीची उलाढाल', 'सर्टिफिकेटं', 'प्रेझेंटेशन' भरलं तर वशिल्याला नवं दार उघडेल. निनावी दोन पानं, तपासता येणारे आकडे आणि काम करणाऱ्या माणसाची मुलाखत भरली तर बंद होईल. गुंतागुंत जितकी जास्त, तितकी वशिल्याला लपायला जागा जास्त. साधेपणा हा इथे सौंदर्याचा नाही, प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे.

आपल्यातले बरेच जण आज-उद्या कुठल्या ना कुठल्या खुर्चीत बसून काहीतरी विकत घेणार आहेत. कोणी क्लाउडचं कंत्राट, कोणी टेस्टिंगची टीम, कोणी निदान गच्चीचं वॉटरप्रूफिंग. हे कसं करायचं ते आपल्याला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कोणी शिकवलं नाही, आणि नोकरीत शिकवतात ते फॉर्म कसा भरायचा एवढंच. त्यामुळे निदान हाताखालच्या ज्युनिअर्सना तरी आपण तीन प्रश्न शिकवू या. हे काम कोणाला कळतं? त्याला ते कळतं हे आपल्याला, म्हणजे न कळणाऱ्यांना, कशावरून कळेल? आणि हेच कारण आपण उद्या भरल्या सभेत काकूंना एका मिनिटात सांगू शकू का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर निवड अजून झालेली नाही, असं खुशाल समजा. आणि मसाल्याचे बारा आणे बाजूला काढून ठेवा.