गाणं विकत घेतलं, पण ते कुणाचं झालं?

काय दोस्तांनो, एक कोडं घालू का? पैसे मोजून विकत घेता येते, पण जुनी झाली म्हणून दुसऱ्याला विकता येत नाही. दुकान बंद पडलं, तर कधी कधी आपल्याच घरात मुकी होऊन बसते. अशी वस्तू कोणती?

हरलात? अहो, इंटरनेटवरून विकत घेतलेलं गाणं!

पूर्वी कॅसेट घरी आणली की ती आपली. मैत्रिणीला ऐकायला द्या, रीळ सैल झाली तर पेन्सिल घालून गुंडाळा, नाहीतर रद्दीवाल्याला देऊन टाका. दुकानदार विचारायला येत नसे. हवं तर आई-बाबांना विचारा!

मग गाणं कॅसेटमधून आणि सीडीमधून सुटं झालं. सीडीवरचं चार मिनिटांचं गाणं सुमारे ४० एमबी जागा खातं. मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाहीत. मग ते साठवायचे कशाला? या युक्तीवर एमपी३ तयार झालं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा त्यात मोठा वाटा होता. तेच गाणं आता ४ एमबीच्या आत मावू लागलं!

एवढंसं गाणं तारेवरून पाठवणं सोपं. १९९९ मध्ये अमेरिकेत 'नॅपस्टर' सुरू झालं आणि लोक एकमेकांना फुकट गाणी देऊ लागले. ऐकणारे खूश, पण गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला दमडीही मिळेना. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००१ मध्ये ती फुकट देवघेव बंद पडली. मग २८ एप्रिल २००३ रोजी ॲपल कंपनीने अमेरिकेत आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. एक गाणं ९९ सेंटला! पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली.

पण मंडळी, त्या गाण्यांना कुलूप होतं, बरं का! ठरावीक कॉम्प्युटरवरच ती वाजत. अशी कुलूपबंद गाणी इतर दुकानंही विकत. नवा कॉम्प्युटर घेतला की किल्ली मागायची दुकानाकडे. आणि दुकानच उठून गेलं तर? २००८ मध्ये याहूने आपलं गाण्यांचं दुकान बंद केलं, तेव्हा किल्ली देणारी यंत्रणाही थांबवायचं ठरवलं. ग्राहकांची ओरड झाल्यावर कंपनीला भरपाई देऊ करावी लागली. ॲपलने २००९ मध्ये गाण्यांवरचं कुलूप काढून टाकलं.

आता आपल्याकडचं उदाहरण पाहा. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं आणि २०१३ मध्ये बंदही केलं. मात्र इथल्या एमपी३ गाण्यांना कुलूप नव्हतं. ज्यांनी ती वेळेवर उतरवून जपून ठेवली, त्यांची गाणी दुकान गेल्यावरही वाजत राहिली. दुकानं दोन्ही बुडाली, फरक पडला तो कुलपामुळे!

आणि जुनं गाणं विकायचं म्हटलं तर? अमेरिकेत 'रीडिजी' या कंपनीने तेही करून पाहिलं. पण कोर्ट म्हणालं, फाईल पाठवताना तिची नवी प्रत तयार होते, आणि तशी प्रत काढायचा हक्क तुम्हाला नाही. २०१३ चा हा निकाल २०१८ मध्ये वरच्या कोर्टातही कायम राहिला. म्हणजे आपण बहुतेक वेळा गाणं घेत नाही, ते ऐकण्याचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे. दिलेली वस्तू दुकान परत काढून घेऊ शकत असेल, तर नुसतं 'विकत घ्या' लिहून चालत नाही, हा परवाना आहे असं स्पष्ट सांगावं लागतं.

मग दर महिन्याला पैसे भरून ऐकतो ती गाणी? ते वाचनालयाच्या वर्गणीसारखं. वर्गणी थांबली की पुस्तकं परत! त्यात वाईट काही नाही, फक्त ती पुस्तकं आपली समजू नका.

म्हणून खाऊचे पैसे खर्च करण्याआधी आई-बाबांना सोबत घेऊन तीन प्रश्न विचारा. फाईल आपल्या हातात मिळते का? तिला कुलूप आहे का? ती दोन ठिकाणी जपून ठेवता येईल का? तिन्ही उत्तरं मनासारखी आली, तर खुशाल घ्या. पण त्या फाईलच्या प्रती वर्गभर वाटू नका हं! मित्राला गाणं आवडलं, तर त्याला घरी बोलवा आणि दोघं मिळून ऐका. गाणाऱ्याच्या कष्टाचे पैसे त्याला मिळायलाच हवेत.

आजचा गृहपाठ: घरातलं प्रत्येकाचं एक आवडतं गाणं लिहून काढा. त्यातली किती खरोखर घरात आहेत आणि किती नुसती वर्गणीवर आहेत, ते मोजा. आकडा पाहून आई-बाबाही चकित होतील!