चोर सोडून संन्याशाला फाशी

बालाघाट जिल्हा आज मध्य प्रदेशात असला, तरी तो एके काळी जुन्या मध्य प्रांताच्या नागपूर विभागात होता. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा भाताचा मुलूख. तेथील चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले. भातखाचरे आणि दमट पावसाळा एकत्र आले म्हणजे घरात डास, झुरळे यांचा सुळसुळाट होणारच, हे कोकण-गोमंतकातील वाचकास सांगावयास नको.

त्या प्रदेशात अंगावर जळजळीत चट्टे उठले की ‘मकडी मूत गई’ असे निदान होते आणि केरसुणी भिंतीवरील कोळ्यांकडे वळते. वस्तुतः असे चट्टे पुष्कळदा पीडेरस नावाच्या भुंगेऱ्याने उठतात. हा इवलासा कीटक खाचरांतून दिव्याच्या ओढीने घरात शिरतो आणि अंगावर चिरडला गेला म्हणजे त्याच्यातील दाहक द्रव कातडी भाजून काढतो. कोळ्याचा यात काडीचाही दोष नाही.

उलट, त्याची खाण्याची रीत पाहावी. कोळी भक्ष्य चावून गिळत नाही. विषदंताने ते बधिर करतो, त्यावर पाचक रस सोडतो आणि विरघळलेला अंश शोषून घेतो. जाळ्याखाली पडलेली डासांची पोकळ टरफले ही त्याच्या जेवणाची उष्टी होत. रात्री भिंतीवर दिसणारा मोठा चपटा कोळी तर जाळे विणीतच नाही. तो दबा धरून झुरळ पकडतो. जगातील सारे कोळी मिळून वर्षास ४० ते ८० कोटी टन भक्ष्य फस्त करतात, असा अंदाज २०१७ साली शास्त्रज्ञांनी मांडला. भागवतातील अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत कोळ्यास स्थान दिले. आपण मात्र दिवाळीच्या साफसफाईत त्यास प्रथम हद्दपार करतो!

केरसुणीचे एक वेळ चालेल. आमचा आक्षेप आहे तो शेतावरील उरलेले कीटकनाशक ढेकूण-झुरळांसाठी घरात फवारण्याच्या प्रघातास. २०१७ साली यवतमाळात पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे विष उघड्या रानात माणूस मारते, ते बंद खोलीत, पाळण्याशेजारी कशासाठी? शिवाय त्याने कोळी आधी मरतो आणि चिवट झुरळे फटींतून पुन्हा बाहेर येतात. भातशेतीतही हेच घडले. फवारणीने कोळी नष्ट झाले आणि तुडतुडे माजले, तेव्हा इंडोनेशियाने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

कोळी पाळले म्हणजे हिवताप हटेल, असे मात्र कोणी समजू नये. बैहरच्या जंगलपट्टीने हिवतापाचे फार सोसले आहे. तेथे मच्छरदाणी, रक्ततपासणी आणि आरोग्य खात्याची नियमित फवारणी यांना पर्याय नाही. त्या फवारणीस दार अवश्य उघडावे. शेतातील बाटली मात्र शेतातून घरात आणू नये, आणि कृषी व आरोग्य या दोन्ही खात्यांनी हे गावोगाव, लोकांच्या बोलीत, पेरणीपूर्वीच सांगावे.