डावा रेणू, उजवा रेणू

उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात नीट बसत नाही. माप तेच, चामडे तेच. पण एक चप्पल दुसरीचे आरशातले प्रतिबिंब असते. कशीही फिरवली तरी डावीची उजवी होत नाही. कित्येक रेणूंचेही असेच असते. अणू तेच, त्यांची जोडणीही तीच. तरी एक रेणू डावा, तर दुसरा उजवा.

हे कोडे उलगडले फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी. १८४८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक न्याहाळत होते. काहींचे बारीक पैलू उजवीकडे, तर काहींचे डावीकडे झुकलेले दिसले. त्यांनी ते एकेक करून वेगळे केले आणि पाण्यात विरघळवले. एकाच पातळीत कंप पावणारा प्रकाश या द्रावणांतून सोडला, तेव्हा एकाने ती पातळी उजवीकडे फिरवली, दुसऱ्याने डावीकडे. साखरेलाही हा गुण असतो. म्हणूनच साखर कारखान्यात प्रकाश किती फिरला, यावरून उसाच्या रसातील साखर मोजतात.

आपल्या शरीरालाही डावे-उजवे कळते. कार्व्होन या द्रव्याच्या एका रूपाला पुदिन्याचा वास येतो, तर त्याच्याच प्रतिबिंबाला बाळंतशेपाचा!

औषधांचेही तसेच. ॲलर्जीवरील सेटिरिझिनमध्ये दोन्ही रेणू असतात, पण मुख्य काम करतो तो एकच. लिव्होसेटिरिझिनमध्ये फक्त तोच असतो. म्हणून मोठ्या माणसांसाठी पहिली गोळी सहसा १० मिलिग्रॅमची, तर दुसरी ५ मिलिग्रॅमची असते.

मात्र रेणू वेगळे केले की प्रश्न मिटला, असे नाही. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध विक्रीस आले. मळमळ थांबावी म्हणून ते गरोदर स्त्रियांनाही दिले गेले. १९६१ मध्ये ते तिथल्या बाजारातून मागे घेतले गेले. पण तोवर जगभरात हजारो बालके हातापायांची वाढ अपुरी राहून जन्मली होती. घातक ठरला तो डावा रेणू, असे पुढील संशोधनातून दिसले. मग नुसता उजवा दिला असता तर? तरीही धोका टळला नसता. कारण शरीरात गेल्यावर या औषधाचा उजवा रेणू डावा होतो आणि डाव्याचा उजवा!

औषध बाटलीत कसे आहे, याइतकेच ते पोटात गेल्यावर काय होते हेही महत्त्वाचे. म्हणूनच गरोदरपणी साधी वाटणारी गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.