कॅमेरा आला, विद्या कोठे आहे?

वसईच्या किल्ल्यात सुटीच्या दिवशी सकाळी फेरफटका मारणाऱ्याला इतिहासाचे अभ्यासक क्वचित भेटतात. कॅमेरे मात्र पावलोपावली भेटतात. लग्न ठरलेली जोडपी पडक्या कमानींखाली उभी असतात आणि त्यांच्यापुढे कोणी गुडघे टेकून, कोणी भिंतीवर चढून चित्रण करीत असतो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून घेतलेल्या या किल्ल्याने हिंदी चित्रपटांची गाणी पाहिली, आणि २०१६ साली कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या एका गीताच्या चित्रफितीतून त्याचे अवशेष जगभर पोचले. तिकडे नायगावला गेल्या काही वर्षांत दूरचित्रवाणी मालिकांचे सेट उभे राहिले. कॅमेरा वसई-विरारला परका राहिलेला नाही, हे उघड आहे. प्रश्न इतकाच आहे की, या कॅमेऱ्यामागे वसई-विरारचा तरुण कोणत्या नात्याने उभा आहे? जागा भाड्याने देणारा, दिवे उचलणारा किंवा पहाटेच्या लोकलने अंधेरी-गोरेगावच्या संकलनकक्षाकडे धावणारा, एवढीच त्याची भूमिका असेल, तर कॅमेरा गावात आला, पण त्याची विद्या आली नाही, असेच म्हणावे लागेल.

नाण्याची दुसरी बाजू अधिक विचार करायला लावणारी आहे. २०११च्या जनगणनेनुसारच या महानगराची वस्ती १२ लाखांवर गेली होती. पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांमधून लहान कारखाने चालतात. पश्चिमेला वाड्यांतून फुले व भाजीपाला पिकतो, आगाशीच्या परिसरात राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी तयार होतात, पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मासळी उतरते. पूर्वी गिऱ्हाईक माल हातात घेऊन पाहत असे. आता ते आधी मोबाईलवर पाहते आणि मग चौकशी करते. अशा वेळी आपले काम नीट दाखविता न येणे म्हणजे दुकानाला पाटीच नसण्यासारखे आहे.

मग गाळ्याचा मालक कोणा होतकरू मुलाला बोलावतो आणि ‘आमचा एक व्हिडिओ करून द्या’ असे सांगतो. पुढे काय घडते, हे अनुभवी वाचकाला सांगायला नको. कानठळ्या बसविणारे संगीत, गिरक्या घेणारी अक्षरे, मालकांच्या खुर्चीतील छबीची तीन वेगवेगळी दर्शने. आणि या गदारोळात यंत्रावर नेमके काय तयार होते, ते किती काटेकोर आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही. मालक म्हणतो, पैसे वाया गेले. मुलगा म्हणतो, यांना कलेची कदर नाही. दोघांच्याही म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. कारण काय हवे हे मालकाने सांगितले नाही आणि ते विचारायचे असते, हे मुलाला कोणी शिकविले नाही.

आपल्याकडे या विषयाचे जे शिक्षण चालते, त्याचा मुख्य दोष येथेच आहे. भरमसाट शुल्क आकारून आणि नोकरीची हमी देऊन जे खासगी वर्ग चालतात, त्यांपैकी अनेकांतून संगणकावरील एखाद्या संकलन-प्रणालीची बटणे तेवढी शिकविली जातात. बटणे दोन वर्षांत बदलतात. पाहावे कसे, ऐकावे कसे, कोणते दृश्य कोणत्या दृश्यानंतर यावे आणि कोणते मुळीच येऊ नये, हा विवेक बदलत नाही. पण तो शिकविण्यास वेळ लागतो आणि जाहिरातीत तो दाखविता येत नाही.

या बाबतीत आपला वारसा मात्र दरिद्री नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा त्यांच्यापाशी विद्या होती, भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोडेथोडे चित्रण करून अंकुराचा वेल कसा होतो, हे सुमारे मिनिटभराच्या पटात दाखविले. ते पाहून पैसे पुरविणाऱ्याचा विश्वास बसला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्या वाटाण्याच्या पटाला आजच्या भाषेत व्यावसायिक चित्रफीत म्हणता येईल. त्यात नट नव्हते, संवाद नव्हते, उंची सामग्री नव्हती. प्रेक्षक कोण, त्याची शंका कोणती आणि ती कोणत्या दृश्याने फिटेल, एवढे तीन प्रश्न मात्र नेमके सोडविलेले होते. पुढे १९१७ साली चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा पटही याच गृहस्थांनी काढला. विद्या झाकून ठेवण्याची वृत्ती आपल्या आद्य चित्रपटकाराची नव्हती, हे आजच्या वर्गचालकांनी ध्यानात घ्यावे.

वाटाण्याच्या जागी राजेळी केळे ठेवून पाहा. सोललेले केळे उन्हात दिवसेंदिवस कसे आटत जाते, रंग कसा पालटतो, शेवटी कोणत्या हातांनी ते बांधले जाते, हे तिपाईवर स्थिर ठेवलेल्या साध्या मोबाईलनेही टिपता येईल. रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी चित्रण करावे, इतकेच पथ्य. शंभर विशेषणांनी जे साधणार नाही, ते त्या एका मिनिटाने साधेल.

गाळ्यातील चित्रणाचेही असेच काही साधे नियम आहेत. माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवू नये. उजेड बाजूने येऊ द्यावा आणि दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा पांढरा पत्रा धरावा. आपल्याकडील वीज ५० आवर्तनांची असल्याने ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवले, तर हा दोष बहुधा जातो. बोलणाऱ्याचा आवाज दूरच्या मोबाईलवर न घेता कॉलरला लावलेल्या लहान माईकवर घ्यावा, कारण प्रेक्षक अंधुक चित्र एक वेळ सोसतो, न कळणारा आवाज सोसत नाही. प्रत्येक कृती लांबून, मध्यम अंतरावरून आणि अगदी जवळून अशी तीनदा घ्यावी, आणि दर वेळी कॅमेरा किमान दहा सेकंद हलवू नये. अनेक जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून मजकूर पडद्यावर शुद्ध मराठीत लिहावा. शेवटी सर्व चित्रण दोन ठिकाणी जपून ठेवावे. यांतले काहीही महाग नाही; ते कोणी तरी हातात हात धरून शिकविले पाहिजे, इतकेच.

विद्येचे आणखी एक अंग आहे, आणि कलावंत म्हणविणारे त्याकडे तुच्छतेने पाहतात. ते म्हणजे व्यवहार. कामाआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहून घेतल्या, तर निम्मे तंटे टळतील: चित्रफीत कोणासाठी, किती लांबीची, किती वेळा दुरुस्ती, पैसे केव्हा आणि मूळ चित्रण कोणाचे. १९५७च्या प्रताधिकार कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन चित्रफीत करवून घेणारा तिचा पहिला मालक ठरतो. हे ठाऊक नसलेला चित्रणकार पुढे आपल्याच कामावर हक्क सांगू पाहतो आणि तोंडघशी पडतो. उलट, सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याने नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले आहे आणि विलंबासाठी रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज सांगितले आहे. महिनोन्‌महिने ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर ऐकणाऱ्या किती तरुणांना या तरतुदीची माहिती आहे? दुसऱ्याचे गाणे परवानगीवाचून आपल्या जाहिरातीखाली वाजविता येत नाही, किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकात व्यावसायिक चित्रीकरणास पुरातत्त्व खात्याची अनुमती लागते, याही गोष्टी दंड भरल्यावर शिकण्याच्या नाहीत.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगाल ते चित्र घडवून देते. मग शिकायचे कशासाठी? पण खिशात लेखणी असल्याने कोणी लेखक होत नाही. आणि यंत्र जर कधीही न वाळविलेल्या सुकेळीचे मोहक चित्र क्षणात काढू लागले असेल, तर खऱ्या वाडीतील खऱ्या हातांचे प्रामाणिक चित्रण अधिक मोलाचे होणार. खोट्याची छपाई स्वस्त झाली की खऱ्याच्या साक्षीदाराची गरज वाढते.

दुसरा आक्षेप असा की, हे शहरी, इंग्रजी शिकलेल्या मुलांचे काम आहे. त्याला अहमदाबादने १९८४ सालीच उत्तर दिले आहे. तेथील ‘सेवा’ या संघटनेने कष्टकरी स्त्रियांच्या एका लहान गटाला व्हिडिओचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. भाजी विकणाऱ्याही त्यांत होत्या. त्यांनी कॅमेरा चालविला, संकलन केले आणि आपल्या सहव्यवसायिनींचे प्रश्न अधिकाऱ्यांसमोर मांडले. टोपल्या घेऊन गाडीने मुंबई गाठणाऱ्या वसईच्या भगिनींना हे का जमू नये?

मग करायचे काय? आमची सूचना साधी आहे. टंकलेखनाच्या वर्गांनी या राज्यातील मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या उभ्या केल्या. गल्लीतला वर्ग, माफक शुल्क आणि शेवटी सरकारमान्य परीक्षा. मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचे ते प्रमाणपत्र कोणाच्या शिफारशीवर मिळत नसे, म्हणूनच त्याला किंमत होती. यंत्रे जाऊन संगणक आले, तरी त्या परीक्षा राज्य परीक्षा परिषदेने चालू ठेवल्या. त्याच धर्तीवर चित्रणाची एक साधी परीक्षा मराठीतून का घेऊ नये? परीक्षार्थीने एका दिवसात एखाद्या कारागिराचे काम दोन मिनिटांत समजेल असे चित्रित करावे, त्याचे बोलणे स्वच्छ मुद्रित करावे, मजकूर बिनचूक लिहावा आणि सोबत कराराचा एक कागद जोडावा. त्यात कौशल्य लपत नाही आणि वशिलाही चालत नाही.

राज्य पातळीवर हे होईपर्यंत महानगरपालिकेने हात बांधून बसण्याचे कारण नाही. ग्रंथालयातून पुस्तक मिळते, तसे अनामत ठेवून तिपाई, माईक व दिवे मिळावेत. महाविद्यालयांनी संध्याकाळी आपल्या खोल्या उघडाव्यात आणि तेथे विद्यार्थ्यांबरोबर कारखान्यातील कारकून, शिक्षक व बचत गटातील स्त्रियाही बसाव्यात. उद्योजकांच्या संघटनांनी ‘अनुभव मिळेल’ या नावाखाली फुकट काम करवून घेण्याची प्रथा मोडून, लहान का होईना, रोख मोबदला द्यावा. आणि शिक्षणाचा सराव म्हणून पहिले चित्रण घरातल्या वृद्धांचे व्हावे. सामवेदी समाजाची कादोडी बोली आणि वाडवळ, कोळी यांची बोलणी ज्यांच्या तोंडी अस्सल आहेत, ती पिढी आपल्या डोळ्यांदेखत मावळत आहे. तिचा आवाज टिपण्यास विलंब झाला, तर पुढे कोणत्याही किमतीला तो मिळणार नाही.

या विद्येने प्रत्येकाचे पोट भरेल, असा दावा करणे ही फसवणूक होईल. अनेकांना ती मुख्य धंद्याची जोड म्हणूनच उपयोगी पडेल. पण हातातील काम दुसऱ्याला समजेल असे, खोटे न बोलता दाखविता येणे ही आज लिहिण्या-वाचण्याइतकीच गरजेची गोष्ट झाली आहे. ती गरज ओळखली नाही, तर किल्ल्यात आणि नायगावात बाहेरचे कॅमेरे येतील, आपले चित्र घेऊन जातील, आणि आपण ते पडदाभर पाहून धन्य होऊ. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तेव्हा त्यांनी कोणा पाहुण्याच्या कॅमेऱ्याची वाट पाहिली नव्हती.